जहाजांच्या प्रतिकृतींसाठी कृत्रिम समुद्र

जहाजांच्या प्रतिकृतींसाठी कृत्रिम समुद्र म्हणजे जहाजाच्या लघुप्रमाणातील प्रतिकृतीभोवती प्लास्टर, फोम, कागद, ॲक्रिलिक जेल किंवा रेझिन अशा घन पदार्थांतून घडवलेला पाण्याचा स्थिर देखावा होय. जहाज आणि समुद्र मिळून होणाऱ्या संपूर्ण रचनेस डायोरामा म्हणतात. प्रतिकृती-निर्मितीच्या छंदात आणि संग्रहालयीन मांडणीत असे देखावे केले जातात. त्यांत सर्वाधिक वापरली जाणारी प्रमाणे १:३५०, १:७०० आणि १:१२०० ही आहेत. एखादे जहाज किती वेगाने, कोणत्या वाऱ्यात आणि कोणत्या समुद्रातून चालले होते, हे पाहणाऱ्यास जहाजापेक्षा त्याच्या भोवतीच्या पाण्यावरून अधिक कळते. त्यामुळे कृत्रिम समुद्र ही केवळ सजावट नसून, प्रसंगाविषयी केलेले एक विधान असते, आणि ते चुकीचेही असू शकते.

पार्श्वभूमी

‘डायोरामा’ हा शब्द लुई दागेर आणि शार्ल मारी बूतों यांनी पॅरिसमध्ये १८२२ साली सुरू केलेल्या प्रकाशचित्रगृहामुळे रूढ झाला. तेथे मोठ्या पारदर्शक पडद्यांवर रंगवलेली दृश्ये प्रकाश बदलून दाखवली जात. लहान आकाराच्या त्रिमितीय देखाव्यास हाच शब्द पुढे लागू झाला.

जहाजांच्या प्रतिकृती मात्र त्याहून पुष्कळ जुन्या आहेत. सतराव्या शतकापासून इंग्लंडमध्ये तयार झालेल्या आरमारी प्रतिकृतींत संपूर्ण तळ दाखवलेला असे आणि समुद्राचा मागमूस नसे. त्यांचा हेतू जहाजाची बांधणी समजावी हा होता. पाण्यासह दाखवण्याची प्रथा वाढली ती जलरेषेपाशी कापलेल्या प्रतिकृतींमुळे. नॉर्थॅम्प्टन येथील बॅसेट-लोक या संस्थेने १:१२०० प्रमाणातील अशा प्रतिकृती विकल्या, तर जर्मनीतील विकिंग या संस्थेच्या १:१२५० प्रमाणातील प्रतिकृती प्रसिद्ध आहेत. दुसऱ्या महायुद्धात शत्रूची जहाजे दुरून ओळखण्याच्या प्रशिक्षणासाठी या प्रकारच्या प्रतिकृती मोठ्या प्रमाणावर वापरल्या गेल्या. त्याच काळात अमेरिकन रचनाकार नॉर्मन बेल गेडीज यांनी ‘लाइफ’ नियतकालिकासाठी सागरी लढायांचे देखावे उभारले. त्यांची छायाचित्रे विमानातून घेतल्यासारखी भासत.

जपानमधील शिझुओका येथील तामिया, आओशिमा, हासेगावा आणि फुजिमी या चार उत्पादकांनी १९७१ मध्ये १:७०० प्रमाणातील ‘वॉटर लाइन’ मालिका संयुक्तपणे सुरू केली. जलरेषेखालचा भाग वगळलेल्या या संचांमुळे समुद्र तयार करणे सामान्य छंदिष्टाच्या आवाक्यात आले, कारण प्रतिकृती सपाट पृष्ठभागावर ठेवली की निम्मे काम झालेले असे. उरलेले निम्मे काम कसे करावे, याविषयीच्या पद्धती पुढील दशकांत विकसित होत गेल्या.

महाराष्ट्रात दिवाळीच्या किल्ल्यांभोवती किंवा गणपतीच्या आराशीत आरसा, निळा कागद किंवा पाण्याचे ताट ठेवून तळे किंवा समुद्र दाखवण्याची घरगुती रीत आहे. सिंधुदुर्ग किंवा जंजिरा यांसारखा जलदुर्ग करताना मुलांपुढे उभा राहणारा प्रश्न आणि या लेखाचा विषय मुळात एकच आहे.

खरे पाणी का चालत नाही

जहाज लहान करता येते, पाणी करता येत नाही. पाण्याचे पृष्ठताण, चिकटपणा आणि थेंबांचा आकार प्रतिकृतीच्या प्रमाणानुसार घटत नाहीत. सुमारे १.७ सेंटिमीटरपेक्षा आखूड लहरींवर गुरुत्वाकर्षणाऐवजी पृष्ठताणाचा अंमल चालतो. १:३५० प्रमाणात १.७ सेंटिमीटर म्हणजे प्रत्यक्षातील सुमारे ६ मीटर. म्हणजेच खऱ्या समुद्रावरील सहा मीटरपेक्षा आखूड सर्व लाटा ताटातल्या पाण्यात वेगळ्याच नियमाने वागतील, आणि पाहणाऱ्याच्या डोळ्यास ते लगेच जाणवेल. एक मिलिमीटरचा थेंब १:७०० प्रमाणात ७० सेंटिमीटर व्यासाचा गोळा ठरतो.

चित्रपटसृष्टीने यावर अंशतः उपाय शोधला. ब्रिटिश अभियंता विल्यम फ्रूड यांनी जहाजांच्या प्रतिकृती ओढून पाहण्यासाठी टॉर्की येथे १८७२ मध्ये चाचणी-कुंड उभारले होते. त्यांच्या नियमानुसार वेग लांबीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो. म्हणून १:१६ प्रमाणातील जहाजाचे चित्रण नेहमीच्या चौपट गतीने, म्हणजे सेकंदास २४ ऐवजी ९६ चौकटी घेऊन केले, तर पडद्यावर लाटा भारदस्त वाटतात. थेंबांचा मोठेपणा मात्र तरीही लपत नाही. त्यामुळे अशा चित्रीकरणासाठी शक्य तितकी मोठी प्रतिकृती घेतली जाते. स्थिर देखाव्यात काळच थांबलेला असल्याने हा उपाय निरुपयोगी ठरतो. तेथे लाटेचा प्रत्येक आकार हातानेच घडवावा लागतो.

लाटांची उंची

या क्षेत्रातील सर्वांत सामान्य दोष म्हणजे गरजेपेक्षा उंच लाटा. हाताला आणि डोळ्याला खोलगट, ठळक आकार करावेसे वाटतात. प्रमाण मात्र त्यास परवानगी देत नाही. फ्रान्सिस ब्यूफर्ट यांनी १८०५ मध्ये मांडलेली आणि पुढे सुधारत गेलेली वाऱ्याची श्रेणी येथे उपयोगी पडते. श्रेणी ३ मध्ये वारा ७ ते १० नॉट असतो, खुल्या समुद्रावरील लाटा साधारण ०.६ मीटर उंच असतात आणि पांढरे माथे तुरळक दिसू लागतात. १:७०० प्रमाणात ही उंची एक मिलिमीटरही भरत नाही. श्रेणी ५ मध्ये लाटा सुमारे २ मीटर होतात व पांढरे माथे सर्वत्र दिसतात. प्रतिकृतीत ही उंची १:३५० प्रमाणात ५.७ आणि १:७०० प्रमाणात २.९ मिलिमीटर ठरते. श्रेणी ८ चे वादळी वारे ३४ ते ४० नॉटचे असतात आणि लाटा सुमारे साडेपाच मीटरच्या. तरीही १:७०० प्रमाणात त्या आठ मिलिमीटरच्या आतच राहतात.

यावरून असे दिसते की शांत किंवा मध्यम समुद्रासाठी कोरीव काम जवळजवळ लागतच नाही. लागतो तो पृष्ठभागाचा पोत. उलट वादळात उंचीपेक्षा लाटांमधील अंतर महत्त्वाचे ठरते. मोठ्या लाटा एकमेकींपासून दूर असतात, त्यांच्या अंगावर मध्यम लाटा आणि त्यांवर बारीक लहरी असतात. एकाच आकाराच्या लाटा ओळीने मांडल्या तर नांगरलेले शेत दिसते, समुद्र दिसत नाही.

कोकण किनाऱ्यावरील ऐतिहासिक जहाजांबाबत ऋतूचाही विचार करावा लागतो. मराठा आरमाराची गुराबे आणि गलबते पावसाळ्यात समुद्रात नेली जात नसत. ती खाड्यांत किंवा किनाऱ्यावर ओढून ठेवली जात. नौकानयनाचा हंगाम पावसाळ्यानंतर सुरू होई आणि त्या काळात किनाऱ्यालगत दिवसा खारे वारे, रात्री व पहाटे मतलई वारे असा क्रम चाले. कान्होजी आंग्रे यांच्या काळातील गुराब उसळत्या वादळी समुद्रात दाखवणे चित्तवेधक असले, तरी त्यास इतिहासाचा आधार मिळणे कठीण आहे. वारा पडला की वल्ह्यांची गलबते गुराबांना ओढून नेत असत. असा प्रसंग दाखवायचा तर समुद्र आरशासारखा हवा आणि गलबताच्या दोन्ही बाजूंस, वल्हे पाण्याबाहेर निघाले तेथे, सम अंतरावर विरत जाणारी लहान वर्तुळे हवीत.

जहाजाने उठवलेल्या लाटा

वाऱ्याने उठलेल्या लाटांहून वेगळी अशी लाटांची एक रचना चालणारे जहाज स्वतः निर्माण करते. खोल पाण्यात ही रचना इंग्रजी ‘व्ही’ अक्षराच्या आकाराची असते. तिची प्रत्येक भुजा जहाजाच्या मार्गाशी सुमारे साडेएकोणीस अंशांचा कोन करते, हे लॉर्ड केल्विन यांनी १८८७ मध्ये दाखवून दिले. तळ्यातले बदक आणि युद्धनौका या दोन्हींच्या मागे हाच कोन दिसतो. मात्र ही भुजा म्हणजे एक सलग बांध नसतो. ती तिरकस, आखूड, एकामागे एक सरकलेल्या लाटांच्या पायऱ्यांची बनलेली असते आणि त्या लाटांचे माथे मार्गाशी सुमारे ५५ अंश कललेले असतात. अनेक देखाव्यांत नाळेपासून मागपर्यंत दोन सलग कडा काढलेल्या दिसतात, त्या चुकीच्या होत.

याशिवाय जहाजाच्या बाजूने आडव्या लाटा पसरतात आणि त्यांची लांबी केवळ वेगावर अवलंबून असते. वेगाच्या वर्गास २π ने गुणून गुरुत्वत्वरणाने भागले की ती मिळते. १० नॉट वेगास ही लांबी सुमारे १७ मीटर, २० नॉटला सुमारे ६८ मीटर आणि ३० नॉटला सुमारे १५३ मीटर भरते. वेग दुप्पट झाला की लाट चौपट लांब होते. म्हणूनच मंदगती मालवाहू जहाजाच्या अंगाला अनेक लहान लाटा लागलेल्या दिसतात, तर भरवेगातील विनाशिकेच्या अंगाला जेमतेम एकच मोठी दरी दिसते.

एच.एम.एस. हूड या ब्रिटिश युद्धनौकेचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. तिची लांबी सुमारे २६२ मीटर होती. २४ मे १९४१ रोजी डेन्मार्कच्या सामुद्रधुनीत बिस्मार्क आणि प्रिन्झ ऑयगेन या जर्मन जहाजांशी सामना होताना ती सुमारे २८ नॉट वेगाने चालली होती. या वेगास आडव्या लाटेची लांबी सुमारे १३३ मीटर येते, म्हणजे जहाजाच्या लांबीच्या साधारण निम्मी. त्यामुळे नाळेपाशी एक माथा, मध्यभागाच्या आसपास दुसरा आणि पिछाडीजवळ तिसरा, आणि त्यांच्यामध्ये दोन दऱ्या अशी स्थिती ढोबळमानाने येते. १:७०० प्रमाणात प्रतिकृती ३७.५ सेंटिमीटर लांब आणि दोन माथ्यांतील अंतर १९ सेंटिमीटर होते. वेगात घेतलेल्या हूडच्या छायाचित्रांत ही दरी स्पष्ट दिसते आणि तेथे एरवी पाण्याखाली असणारा तळाचा भाग उघडा पडलेला असतो. चिलखती पट्ट्याच्या खालून गोळा आत शिरला असावा काय, या जहाजाच्या नाशाविषयीच्या अलीकडच्या चर्चांतील प्रश्नाचा या दरीशी थेट संबंध आहे. त्या दिवशी जहाजावरील १,४१८ जणांपैकी केवळ तिघे वाचले. सपाट पाण्यावर ठेवलेली हूडची प्रतिकृती कितीही रेखीव असली, तरी त्या सकाळविषयीचा एक महत्त्वाचा पुरावा तिच्यातून गळालेला असतो.

हूडची पिछाडी कमी उंचीची असल्याने वेगात मागील सपाट डेकवरून पाणी वाहत असे. लढाईच्या वेळी ब्रिटिश जहाजे समोरून येणाऱ्या समुद्रात घुसत होती आणि पुढील तोफघुमटांच्या अंतरमापकांवर तुषार उडत होते. हे दोन्ही तपशील प्रतिकृतीत दाखवता येतात. डेकवर पातळ तकाकीचा थर, जलनिःसारण छिद्रांतून ओघळणाऱ्या रेघा आणि नाळेच्या दोन्ही अंगांना वाऱ्याने मागे वळवलेला फवारा पुरेसा होतो.

लाटांचा आराखडा ठरला की तळपटाचा आकारही ठरतो. १:३५० प्रमाणातील हूडच्या नाळेपासून ७५ सेंटिमीटर मागे, म्हणजे पिछाडीपाशी, दोन भुजांमधील अंतर सुमारे ५३ सेंटिमीटर होते. वीस सेंटिमीटर रुंदीच्या अरुंद पट्टीवर भुजा जहाजाच्या मध्याआधीच कडेबाहेर जातात. ती कापली जाणे चालते, पण रुंदी कमी आहे म्हणून कोनच अरुंद करू नये.

वारा, धूर आणि नांगर

समुद्र, धूर, निशाणे आणि जहाजाची दिशा यांत विसंगती असणे हा परीक्षकांच्या नजरेस प्रथम पडणारा दोष आहे. वाऱ्याच्या लाटा वाऱ्याच्या दिशेने जातात, परंतु चालत्या जहाजावरील धूर व निशाणे वारा आणि जहाजाचा वेग यांच्या बेरजेनुसार उडतात. वारा पडलेला असताना २८ नॉटने चाललेल्या जहाजाचा धूर सरळ मागे जातो. तेवढ्याच वेगाचा वारा पाठीमागून असेल तर धूर सरळ वर चढतो आणि निशाणे लोंबतात. श्रेणी ७ पासून पुढे फेसाच्या रेघा वाऱ्याच्या दिशेने ओढल्या जातात; त्या जहाजाच्या दिशेने काढण्याची चूक वारंवार आढळते. नांगरलेले जहाज वाऱ्याकडे किंवा भरती-ओहोटीच्या प्रवाहाकडे तोंड करून राहते, आणि त्याच बंदरातील इतर जहाजेही बहुधा तशीच वळलेली असतात.

रंग

समुद्र निळा असतो ही समजूत रंगकामातील निम्म्या चुकांना कारणीभूत आहे. पाण्याच्या पृष्ठभागावर सरळ वरून पडणारा प्रकाश केवळ दोन टक्के परावर्तित होतो. पृष्ठभागाशी दहा अंशांच्या कोनात आलेल्या प्रकाशापैकी सुमारे एक तृतीयांश परततो आणि कोन आणखी कमी झाला की पाणी आरशासारखे वागते. त्यामुळे खालून पाहणाऱ्यास मुख्यतः आकाश दिसते, वरून पाहणाऱ्यास पाण्याचा स्वतःचा रंग. देखावे सहसा वरून पाहिले जातात. छायाचित्र घेणारा मात्र कॅमेरा पाण्याच्या पातळीवर आणतो. कलाकाराने पाण्याचा रंग गडद ठेवावा आणि तकाकीचा थर खरोखरच तकतकीत करावा, म्हणजे आकाशाचे प्रतिबिंब खोलीतील प्रकाशच पुरवतो. आकाश रंगवून दाखवू गेल्यास दोन्ही कोनांतून ते खोटे वाटते.

पाण्याच्या रंगाचे मोजमाप करण्यासाठी फ्रांस्वा-आल्फोन्स फोरेल आणि विली उले यांच्या नावाने ओळखली जाणारी २१ पायऱ्यांची श्रेणी आहे. तिची सुरुवात गडद निळ्यापासून होते व हिरव्या छटांतून जात ती तपकिरी रंगाशी संपते. भूमध्य समुद्र आणि उष्ण कटिबंधातील खुला प्रशांत महासागर निळ्या टोकाजवळ येतात, उत्तर अटलांटिक करड्या-हिरव्या छटांत, तर नद्यांच्या मुखाजवळचे गाळयुक्त पाणी तपकिरी टोकाकडे. मुंबई बंदरातील पाणी गाळामुळे मातकट हिरवे दिसते आणि पावसाळ्यात अधिकच तपकिरी होते. त्या बंदरात उभी केलेली विक्रांतची प्रतिकृती नीलमणी रंगाच्या पाण्यात ठेवली तर मुंबईकरास ती परकी वाटेल.

एकाच लाटेवर रंग एकसारखा नसतो. माथ्यापाशी पाण्याचा थर पातळ असल्याने त्यातून प्रकाश झिरपतो आणि तेथे फिकट हिरवट छटा येते. दरीत रंग सर्वांत गडद. पंख्यांमागील पाण्यात हवेचे बुडबुडे मिसळल्याने तो पट्टा फिरोजी-पांढरा दिसतो, आणि जहाज पुढे गेल्यावरही बराच काळ त्या पट्ट्यावरील बारीक लहरी शमलेल्या असतात. विमानातून घेतलेल्या छायाचित्रांत जहाज दिसण्यापूर्वी ही गुळगुळीत वाट दिसते.

साहित्य आणि पद्धती

सर्वांत सोपी पद्धत जाड जलरंग-कागदाची आहे. अशा कागदाचा खरबरीत पोत १:७०० आणि त्याहून लहान प्रमाणांत मध्यम समुद्राशी चांगला जुळतो. कागद फळीवर चिकटवून रंगवतात, जहाजाच्या आकाराची खाच कापतात आणि वरून तकतकीत वॉर्निश देतात. स्वयंपाकघरातील ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा चुरगळून, पुन्हा हलक्या हाताने पसरून फळीवर चिकटवला तरी तसाच पोत मिळतो. त्याच्या बारीक घड्या एकमेकींना छेदत असल्याने आडव्या-तिडव्या लहरींचा भास चांगला होतो. खर्च नगण्य असून चूक झाली तर टाकून देता येते. नवशिक्यांसाठी याहून योग्य सुरुवात क्वचितच सापडेल.

लाटा उंच हव्या असतील तर गाभ्यासाठी फोम लागतो. घट्ट, एकजीव फोम धारदार पात्याने आणि कानशीने हवा तसा कोरता येतो. थर्माकोलचे मणी सुटे होत असल्याने त्यात बारीक आकार टिकत नाही. शिवाय महाराष्ट्रात सजावटीसाठी थर्माकोल वापरण्यावर २०१८ पासून निर्बंध आहेत. कोरलेल्या फोमवर टिश्यू कागद पाणी मिसळलेल्या पांढऱ्या गोंदाने, म्हणजे घरोघरी फेव्हिकॉल म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्रकारच्या गोंदाने, चिकटवतात. ओल्या कागदाच्या सुरकुत्या ब्रशने सरकवून लाटांच्या अंगावरच्या लहरी घडवता येतात. वाळल्यावर हे कवच टणक होते आणि त्यावर रंग बसतो. स्प्रेच्या डब्यातील बहुतेक रंगांचे द्रावक फोम विरघळवतात. म्हणून आधी ब्रशने ॲक्रिलिक रंगाचा अखंड थर द्यावा लागतो.

जुन्या संग्रहालयीन देखाव्यांत लाकूड कोरून किंवा प्लास्टर ऑफ पॅरिस घालून समुद्र करीत. प्लास्टर स्वस्त असून झटपट घट्ट होते. मात्र ते जड असते, कडांना टवके उडतात आणि घट्ट होताना ओलसर असल्याने लाकडी फळीस बाक येऊ शकतो.

ॲक्रिलिक जेल हे आज बहुधा सर्वाधिक वापरले जाणारे माध्यम आहे. चित्रकारांसाठी बनवलेले दाट जेल ओले असताना दुधाळ आणि वाळल्यावर पारदर्शक असते. रंगवलेल्या पृष्ठभागावर ते ब्रशने थोपटत गेल्यास लहान टोके उभी राहतात, आणि जहाजाच्या कडेपाशी भरल्यास पाणी व सांगाडा यांतील फट नाहीशी होते. ही फट ज्या देखाव्यात उरते त्यातील जहाज पाण्यात नव्हे, पाण्यावर ठेवलेले दिसते. जेलचा जाड थर आतून पांढुरका राहतो आणि वाळताना आक्रसतो. म्हणून दोन-तीन मिलिमीटरपेक्षा कमी जाडीचे अनेक थर, प्रत्येक पूर्ण वाळू देऊन, द्यावे लागतात. कामाचा बहुतांश काळ वाट पाहण्यात जातो.

पाण्याची खोली दाखवायची असेल, उदाहरणार्थ पाणबुडी, बुडालेला सांगाडा किंवा उथळ किनारा, तर पारदर्शक रेझिन हाच पर्याय राहतो. पॉलिएस्टर रेझिन स्वस्त असले तरी त्यातील स्टायरीन प्रतिकृतीचे प्लास्टिक आणि फोम दोन्ही वितळवते, आणि त्याचा वास घरात दीर्घकाळ टिकतो. इपॉक्सी हा दोष टाळते. राळ आणि घट्टकारक उत्पादकाने सांगितलेल्या प्रमाणात काटेकोर मोजून, बुडबुडे न धरता, सावकाश मिसळावे लागतात. अंदाजे मोजलेले मिश्रण चिकटच राहते आणि मग ते दुरुस्त करण्याचा चांगला मार्ग उरत नाही. घट्ट होताना इपॉक्सी उष्णता सोडते. थर जाड असेल तर ही उष्णता साठून मिश्रण तडकते, पिवळे पडते किंवा प्लास्टिकची प्रतिकृती वाकवते. विदर्भ-मराठवाड्यातील उन्हाळ्यात मिश्रण हाताळण्यास मिळणारा वेळ उत्पादकाने दिलेल्या वेळेपेक्षा बराच कमी भरतो. पावसाळ्यातील दमट हवेत काही घट्टकारकांमुळे पृष्ठभागावर तेलकट साय येते. ती कोमट पाण्याने धुऊन काढल्याशिवाय पुढचा थर नीट धरत नाही.

इपॉक्सीचा आणखी एक त्रास म्हणजे ते जहाजाच्या अंगाला धरून वर चढते. एक मिलिमीटरची ही चढण १:७०० प्रमाणात ७० सेंटिमीटरची ठरते आणि जहाज बशीत ठेवल्यासारखे दिसते. म्हणून शेवटचा थर रेझिनचा न ठेवता, त्यावर जेलने लहरी काढून ही कड झाकतात. तसाही रेझिनचा अगदी सपाट पृष्ठभाग खुल्या समुद्रास शोभत नाही.

पारदर्शक सिलिकॉन फटी बुजवण्यासाठी आणि उभ्या फवाऱ्यांसाठी सोयीचे असते, परंतु त्यावर रंग धरत नाही. रंग आधीच आत मिसळावा लागतो किंवा वरून ॲक्रिलिक जेलऐवजी पुन्हा सिलिकॉनच वापरावे लागते.

फेस

फेसात संयम सर्वाधिक लागतो. पांढरा रंग एकसलग न लावता जवळजवळ कोरड्या ब्रशने माथ्यांवर ओढल्यास तुटक, जाळीदार फेस दिसतो. नुकत्याच फुटलेल्या लाटेचा फेस दाट व शुभ्र असतो. जुना फेस विरळ, करडा आणि जाळीसारखा होऊन पाण्यात विरतो. दोन्ही एकाच शुभ्रतेने रंगवले तर समुद्रावर बर्फ पडल्यासारखे वाटते.

नाळेपाशी उसळणाऱ्या पाण्यासाठी कापसाचे किंवा पॉलिएस्टरच्या कृत्रिम कापसाचे अगदी विरळ धागे जेलमध्ये भिजवून बसवतात. धागे ओळखू आले की परिणाम संपला. त्यामुळे १:७०० प्रमाणात अनेक जण कापूस टाळून जेल आणि पांढरा रंग यांवरच भागवतात. काही जण खाण्याचा सोडा जेलमध्ये मिसळून फेसाचा पोत आणतात. तो कालांतराने पिवळसर होत असल्याचा अनुभव रेल्वे-प्रतिकृती करणाऱ्यांनी बर्फासाठी तो वापरताना घेतला आहे, म्हणून बारीक काचमण्यांची भुकटी अधिक भरवशाची मानली जाते. गोळा पडून उठणारा पाण्याचा स्तंभ पारदर्शक काडी किंवा तारेभोवती कापूस व जेल चढवून करतात. मोठ्या तोफांच्या गोळ्यांचे स्तंभ जहाजाच्या डोलकाठ्यांहूनही उंच जात, हे छायाचित्रांवरून दिसते. येथे मात्र उंची कमी करण्याची चूक होते.

धोके आणि जतन

घट्ट न झालेल्या इपॉक्सीचा त्वचेशी वारंवार संपर्क आल्यास कायमची ॲलर्जी जडू शकते. एकदा ती झाली की अल्प संपर्कानेही पुरळ उठते आणि त्या व्यक्तीस हे माध्यम सोडून द्यावे लागते. नायट्राइलचे हातमोजे, वाहती हवा आणि घासकाम करताना धूळरोधक मुखपट्टी ही किमान काळजी होय. पॉलिएस्टर रेझिनचा उत्प्रेरक डोळ्यांस गंभीर इजा करतो. उरलेले मिश्रण मोरीत ओतू नये. ते भांड्यातच थोडे-थोडे घट्ट होऊ द्यावे, कारण एकाच वेळी मोठा साठा तापून धूर सोडू शकतो.

इपॉक्सी अतिनील किरणांनी पिवळी पडते. रोधक घातलेल्या प्रकारांतही ही प्रक्रिया केवळ मंदावते, म्हणून देखावा थेट उन्हात ठेवू नये. धुळीपासून संरक्षणासाठी काचपेटी आवश्यक असते, पण बंद पेटीतच दुसरा धोका संभवतो. आंबट वास सोडणारे सिलिकॉन घट्ट होताना ॲसेटिक आम्ल बाहेर टाकते. ओक लाकडासारख्या काही लाकडांतूनही हे आम्ल निघते. जुन्या प्रतिकृतींतील शिशाचे नांगर, तोफा व इतर ओतीव भाग या वाफेत पांढऱ्या भुकटीत बदलत जातात. जहाज-प्रतिकृतींच्या जतनशास्त्रात ही समस्या सुपरिचित आहे. त्यामुळे शिशाचे भाग असलेल्या प्रतिकृतीसाठी सिलिकॉन पेटीत नेण्यापूर्वी पुष्कळ दिवस उघड्यावर वाळवावे किंवा ते वापरूच नये, आणि पेटीस हवा खेळण्यासाठी गाळणी लावलेली छिद्रे ठेवावीत. अनेक संग्राहक जहाज समुद्रात कायमचे न चिकटवता खाचेत नुसते बसवतात, जेणेकरून पाणी पिवळे पडले किंवा तडकले, तर जहाज उचलून घेऊन समुद्र नव्याने करता येतो.